फुगडी : बरोबरीचा फेर

परंडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. चैत्रात नाथाच्या यात्रेला माणसं लोटतात. पण इथल्या, आणि साऱ्या मराठवाड्यातल्या, लेकीबाळी वाट बघतात ती श्रावणातल्या पंचमीची. माहेरी यायचं, वारूळ पुजायचं, झोके घ्यायचे आणि दम लागेस्तोवर फुगड्या खेळायच्या.

जोडीनं नाचायचे प्रकार जगात उदंड आहेत. अर्जेंटिनाचा टँगो आहे, युरोपातला वॉल्ट्झ आहे, १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांनी घडवलेला लिंडी हॉप आहे. त्यांत रूढ रीत अशी, की एकानं चाल द्यायची आणि दुसऱ्यानं ती उचलायची. फुगडीत पुढारी कुणीच नसतो. मला तिची सगळी गोडी यातच दिसते.

समोरासमोर उभं राहायचं, चवडे जुळवायचे, हातांची अढी घालून घट्ट धरायचं आणि अंग मागं टाकून गिरकी घ्यायची. तोंडानं ‘फू’चा पकवा चालू. वेग चढला, की प्रत्येकीचा तोल समोरचीच्या हातात असतो. एकीनं अंग चोरलं, तर दुसरी भेलकांडते. जड अंगाच्या बाईनं कमी झुकायचं, हलकीनं जास्त. हे शिकवावं लागत नाही, हातांनाच कळतं. थोरली जाऊ असो की शाळकरी नणंद, फेर सुरू झाला की मान सारखाच.

फुगडी कुणी आणि कधी सुरू केली, याचं साल सापडायचं नाही. तिचा माग लागतो संतांच्या वाङ्मयात. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात तिच्यावर भारूड रचलं. पुढच्या शतकात तुकोबांनी अभंग केले. लोकांच्या अंगवळणी पडलेल्या खेळावरच असं रूपक उभं राहतं. म्हणजे तेव्हाही ती घरोघरी ठाऊक असणार. एकनाथांची पालखी आजही आषाढीला परंड्यावरून पंढरीला जाते. वारीत फुगडी बाप्येही खेळतात. टाळ गळ्यात असलेला म्हातारा नातवाच्या वयाच्या पोराचे हात धरतो. तिथं जात, हुद्दा, श्रीमंती कुणी विचारत नाही.

गाव बदललं, की फुगडीचं रूप बदलतं. एका हाताची, दंड धरून खेळायची दंडफुगडी, उकिडवं बसून घालायची बसफुगडी. कोकणात आणि गोव्यात चवथीला गणपतीपुढं तिचे फेर रंगतात. गोव्यात महालक्ष्मीपुढं कळशी फुंकत घालायची कळशीफुगडीही आहे. नव्या नवरीच्या मंगळागौरीची रात्र तर फुगडी-झिम्म्यानंच जागते. २०२३ साली आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटानं हेच खेळ शहरातल्या बायकांना पुन्हा आठवून दिले.

आता मंगळागौरीचे संच आहेत, स्पर्धा आहेत, एकसारखी नऊवारी आहे. पन्नाशीची बाई हौसेनं मंचावर उतरते, याचा आनंदच आहे. मात्र ध्वनिमुद्रित गाण्यावर बसवलेल्या फेरात उखाणा हरवतो. सासर-माहेराची उणीदुणी, दिराची थट्टा, मनातला सल हे सारं दोन ओळींत जिथल्या तिथं जुळवून बायका फुगडीत बोलून घेत. घरात ज्यांना बोलायची मुभा नव्हती, त्यांना ती इथं होती. गावोगावच्या आज्यांकडचे उखाणे शाळेतल्या पोरींनी वहीत उतरवून घ्यावेत आणि त्याच अंगणात त्यांच्याकडून फुगडीही शिकून घ्यावी. दुसऱ्याचा भार पेलत आपला भार त्याच्यावर निर्धास्त टाकता येणं, ही शिकवण पुस्तकातून मिळत नाही.