भांडी न घासणाऱ्या पोरीचा डोंगर

कळसूबाईचं नाव काढलं की लोक आधी उंची सांगतात. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. शाळेच्या भूगोलात पाठ केलेलं ते पुढे जन्मभर पुरतं. पण ही कळसू कोण, आणि एवढ्या उंचावर एकटी जाऊन का बसली, हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. त्यासाठी बारी गावात यावं लागतं. विचारलं की सांगणारे पुष्कळ भेटतात आणि प्रत्येकाची कथा शेजाऱ्यापेक्षा थोडी वेगळी निघते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा हा पश्चिम पट्टा. उत्तरेला कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड आणि मध्ये रतनगड, आजोबा, कात्राबाई अशी डोंगरांची दाटी. हा सगळा मुलूख १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं इथे काही नाही. फाटक आहे, पावती आहे, पण फाटकाच्या आत भाताची खाचरं आहेत, शाळा आहेत, पिठाची गिरणी आहे. पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई ही महादेव कोळी आणि ठाकर वस्तीची गावं जंगलाच्या आधीपासून असावीत तशी रुळून बसलेली आहेत. राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. इंग्रजांविरुद्ध उठले ते याच डोंगरांच्या आधाराने, आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. हा इतिहास अकोल्यात पोराटोरांना ठाऊक आहे, म्हणून इथे थांबत नाही.

मला थांबवलं ते कळसूच्या, म्हणजे काळूच्या, कथेनं. बारीत ज्या घरी जेवणाची सोय झाली, तिथल्या आजींनी ती सांगितली. काळू ही कोळ्याची पोर. रानात हिंडायची भारी हौस. फिरत फिरत डोंगराच्या पायथ्याशी आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली. "बाकी काय पण काम सांगा, भांडी घासनार नाय न केर काढनार नाय." घरच्यांनी मान्य केलं. बरेच दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस पाव्हणे आले, गडबड झाली आणि घरातलं कोणीतरी तिला म्हणालं, एवढी भांडी घासून टाक. तिने घासली. केरही काढला. आणि हात झटकून जी निघाली ती सरळ डोंगर चढून गेली, परत खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती झाडमेळ.

इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरमध्येही ही कथा जवळपास अशीच नोंदवलेली आहे. तिथे गावाचं नाव इंदोरे. हे गाव डोंगराच्या पलीकडे, नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात येतं. बारीच्या आजींना ते मान्य नाही. "आमच्याकडूनच गेली ती," त्या ठामपणे म्हणाल्या. देवी दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर जाऊन बसल्यावर हे व्हायचंच.

आपल्या बहुतेक देवींच्या नावावर एखादा राक्षस असतो. काळूने कोणाला मारलं नाही, कोणाला शाप दिला नाही. ठरलेलं काम सोडून दुसरं सांगितलं, तेव्हा ती चालती झाली. एवढ्यावर तिचं देऊळ झालं आणि राज्यातल्या सगळ्यांत उंच डोंगराला तिचं नाव मिळालं. मला ही कथा फार आवडली.

आजी हे सांगत होत्या तेव्हा मागच्या अंगणात त्यांची सून रविवारच्या गर्दीची ताटं घासत बसली होती. पिंपाशेजारी ताटांचे ढीग, आणि मुंबईहून आलेला आणखी एक गट ओसरीवर भाकरीची वाट पाहत. चढून आलेल्या पोरांना नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि भात असं जेवण बारीत, पाचनईत, रतनवाडीत आता घरोघर मिळतं. चूल बाईची, वाढणं बाईचं, घासणंही बाईचंच. फोनवर बुकिंग घ्यायला तेवढा घरातला तरुण मुलगा. यात कुचेष्टा करण्यासारखं काही नाही. पावसाळ्याचे चार महिने आणि थंडीतले शनिवार-रविवार इथे हातात रोख पैसा येतो. एरवी भात निघाला की माणसं नारायणगाव-ओतूरकडे मजुरीला उतरतात. "रानातल्या हिरड्यावर किती दिवस काढायचे?" सुनेने विचारलं आणि पुढचं ताट उचललं. काळूबद्दल तिला काय वाटतं, हे मी विचारलं. ती हसली फक्त.

बारीतून शिखरापर्यंतची वाट आता जवळजवळ राजमार्ग झाली आहे. खाचरांच्या बांधावरून निघायचं, ओढा ओलांडायचा, मग कातळाचे टप्पे आणि लोखंडी शिड्या. शिड्यांच्या कडेला आधाराच्या साखळ्या आहेत. शिड्या नव्हत्या तेव्हा बायाबापड्या नवरात्रात या चढावर कशा जात असतील, याचा अंदाज त्या कातळाकडे पाहून येतो. वाटेत लिंबू सरबत, काकडी आणि दोन मिनिटांच्या शेवया विकणाऱ्या ताडपत्रीच्या टपऱ्या. वरचं देऊळ एवढंसं. ढग फाटले तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ही अवघड त्रयी आणि दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. ऐन पावसाळ्यात बहुधा काहीच दिसत नाही आणि तरी लोक तासभर रांगेत उभे राहून फोटो काढतात.

धबधब्यांसाठी मात्र कळसूबाईवरून उतरून भंडारदऱ्याला जावं. १९२६ मध्ये प्रवरेवर विल्सन धरण पुरं झालं आणि त्यानंतर इथल्या पाण्याचे दोन प्रकार झाले. धरणाच्या पायथ्याशी छत्रीसारखा पसरणारा अंब्रेला फॉल हा पाणी सोडलं तरच चालू होतो. खालच्या अंगाचा रंधा धबधबाही प्रवरेवरच, म्हणजे धरणातून किती पाणी सुटतंय त्यावर त्याचा जोर. जाहिरातीत हेच दोघे असतात. खरे पावसाचे धबधबे तलावाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर आहेत, पांजऱ्यापासून घाटघरपर्यंत. त्यांतल्या अनेकांना नावही नाही. दुर्दैव असं की नाव नसलेला धबधबाही आता गाडीतल्या गाण्यांनी शोधता येतो.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे. कोरीव काम इतकं बारीक, की पावसात शेवाळलेल्या दगडावरही रेषा उठून दिसतात. शेजारची पुष्करणी चुकवू नये. तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती बसवल्या आहेत. प्रवरा उगम पावते ती याच गावावरच्या रतनगडावर. गडाच्या माथ्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. वारा असला तर तिथे उभं राहवत नाही. साम्रदकडून त्र्यंबक दरवाजाने चढणारी वाट तुलनेने मोकळी असते. साम्रदची सांदण घळ मात्र पावसाळ्यात बंद म्हणजे बंद. दोन कड्यांच्या मधल्या त्या अरुंद चिरेत पाणी कधी वाढेल, याचा भरवसा गावकरीही देत नाहीत.

या सगळ्या मुलखातली माझ्या मते सर्वांत चांगली वाट रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत आणि तिथून पाचनईला जाते. तिच्यावर शिडी नाही, सरबत नाही, पावती फाडणारं कोणी नाही. जंगल दाट आहे आणि वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. बरोबर आलेले साठीचे मामा डोक्यावर इरलं नव्हे, प्लास्टिकचा कागद घेऊन चालत होते. बांबूच्या काड्या विणून त्यावर पानं शाकारलेलं इरलं त्यांना स्वतःला करता येतं. "करायला दोन दिवस, अन् कागद येतो वीस रुपयांला," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. या वाटेने त्यांची आई माहेरी जायची, वऱ्हाडं जायची, आजारी माणूस डोलीतून निघायचा. आता कुमशेतला डांबरी सडक आली, जीप येते. मामांच्या नातवाने ही वाट कधी तुडवलेली नाही. ती आज राहिली आहे ती ट्रेकर लोकांच्या बुटांमुळे, हेही कबूल करायला हवं. दोन पावसाळे कोणी फिरकलं नाही तर कारवी तिला गिळून टाकील.

पाचनईहून हरिश्चंद्रगड. केदारेश्वराचा एकच उरलेला खांब, चांगदेव, कोकणकडा यांवर इतकं लिहून झालंय की मी हात जोडून पुढे जातो. फक्त एक सांगतो. भर पावसात कोकणकड्यावर गेलात आणि दरीतला वारा जोरात असला, तर कड्यावरून पडणारं पाणी उलट वर उडतं आणि पाहणाऱ्याच्या तोंडावर येतं. त्यासाठी काठाशी जायची गरज नसते.

मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी या भागात काजव्यांचा मोसम असतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं चमकतात. अलीकडे त्याचा महोत्सव झाला आहे. रात्री घाटघरच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांची रांग, आणि काजवा बिचारा अंधारात मादीला खूण करायला बसलेला. त्याच्या अळ्या जमिनीवरच्या गोगलगायींवर जगतात, म्हणजे झाडाखालचा पालापाचोळा तुडवला की पुढच्या वर्षीचा काजवाही तुडवला जातो. फाटकावर गाड्या थांबवून पुढे पायी सोडायला काय हरकत आहे, हा प्रश्न गावातली पोरंही विचारतात. त्यांना त्यात वाटाड्याची रोजंदारी दिसते.

जायचं तर मुंबई-नाशिककरांना घोटीवरून बारी जवळ. पुणेकरांनी संगमनेर, अकोले, राजूर असं यावं. फुलांसाठी सप्टेंबर, सोनकीचा. नवरात्रात बारीच्या वाटेवर यात्रा असते. तेव्हा कळसूबाईचे खरे हक्कदार चढतात, आसपासच्या गावांतल्या बायका, ओटीचं सामान पदरात बांधून, बऱ्याचजणी अनवाणी. त्या दिवसांत बारीत जेवण मिळेलच असं नाही. घरच्या बाया वर गेलेल्या असतात.