शाबासकीचं व्यसन आणि लोणावळ्याचे फादर

घरदार सोडलेलं. लग्न नाही, नावावर जमीन नाही, वरिष्ठ सांगतील त्या गावी बॅग उचलून जायचं. अशा माणसाला लोकांच्या शाबासकीची हाव कशाला असेल? असते, आणि भरपूर असते, हे फादर अँथनी डिमेलो यांना पक्कं ठाऊक होतं. कारण त्यांच्याकडे शिकायला येत ते धर्मगुरू आणि धर्मभगिनीच.

मुंबईत १९३१ साली जन्मलेले डिमेलो १९४७ मध्ये येशूसंघात, म्हणजे जेज्युइट धर्मसंघात, दाखल झाले. बार्सिलोनात तत्त्वज्ञान आणि शिकागोच्या लोयोला विद्यापीठात मानसशास्त्र शिकून ते परतले. १९७२ मध्ये पुण्यात त्यांनी ‘साधना’ संस्था सुरू केली आणि १९७८ मध्ये ती लोणावळ्याला हलवली. तिथला मोठा वर्ग नऊ महिन्यांचा असे, छोटा महिन्याभराचा. शांत बसायचं, श्वासाकडे आणि अंगावरच्या संवेदनांकडे लक्ष द्यायचं, मग गटात बसून मनातलं मोकळेपणी बोलायचं. लोणावळ्याला हे अगदीच नवं नव्हतं. स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम हे योगकेंद्र तिथे १९२४ पासून होतंच.

डिमेलो पुन्हापुन्हा एकाच मुद्द्यावर येत. लहानपणीच आपल्याला कौतुकाची गोळी चाखवली जाते, असं ते सांगत. शहाणं बाळ म्हटलं की खूश, नाव ठेवलं की रडू. पुढे ही गोळी देणाऱ्याच्या हाती आपली दोरी जाते. धर्मगुरूचंही तेच. प्रवचन कसं झालं हे तो समोरच्यांच्या चेहऱ्यावर वाचतो, आणि सेवा करतानाही कुणी पाहतंय ना, याचा अंदाज घेतो. यावर डिमेलोंचा उपाय साधा होता, पण सोपा नव्हता. ही तलफ येते तेव्हा तिला हुसकून लावू नका, नुसती नीट बघा.

प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्ही चांगल्या गोष्टी घेतो आणि त्या चारचौघांना दाखवण्यासाठी करू नका, असं बजावतो. दाखवून केलं तर वाहवा मिळाली, हिशेब तिथेच संपला. योहानाच्या शुभवर्तमानात तर आपल्या ‘लोक काय म्हणतील’चाच प्रसंग आहे. काही पुढाऱ्यांचा येशूवर विश्वास बसला होता, पण सभास्थानातून बाहेर काढतील या धास्तीने ते गप्प राहिले. प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो त्याचा आशय असा, की माणसांना खूश करत बसलो असतो तर ख्रिस्ताचा सेवक झालोच नसतो.

पण इथे एक फसगत होते. लोकांच्या शाबासकीऐवजी देवाची शाबासकी हवी, म्हणजे नुसता परीक्षक बदलला, एवढाच अर्थ अनेकजण घेतात. मग इतके उपास, इतक्या माळा, इतकं दान असे गुण मोजणं सुरू होतं. शुभवर्तमानातला क्रम मात्र उलटा आहे. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो, आणि हा माझा लाडका पुत्र, याच्यावर मी संतुष्ट आहे, अशा अर्थाची वाणी आकाशातून येते. त्यावेळी येशूने एकही रोगी बरा केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. पसंती आधी मिळाली, काम नंतर सुरू झालं. ज्याला ती मिळाल्याची खात्री आहे, त्याला दारोदार मागत फिरावं लागत नाही.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांना माणसाचा स्वभाव चांगला कळत होता. मान मिळो वा अपमान, दोन्हीकडे सारख्या मनाने पाहता आलं पाहिजे, हा त्यांच्या आध्यात्मिक साधनेचा पाया. त्यांच्या संघात शेवटची व्रतं घेणारे अनेक धर्मगुरू गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांच्या जोडीला हेही वचन देतात: चर्चमधल्या मोठ्या पदाची हाव धरणार नाही. संन्याशालाही खुर्ची खुणावते, हे सोळाव्या शतकातच लक्षात आलं होतं म्हणायचं.

लोकांच्या पसंतीची पर्वा न करता चालण्याची किंमत काय पडते, हे पुण्याने पाहिलेलं आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या धर्मभगिनींचं सगळंच त्यांनी निमूटपणे मान्य केलं नाही. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. इकडे १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदासदन, म्हणजे विधवा मुलींसाठीची निवासी शाळा, त्यांनी पुढच्याच वर्षी पुण्याला आणलं. तिथे मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सुधारक हितचिंतक दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई धर्मांतर केलं म्हणून इकडच्यांना नकोशा आणि विचारतात फार म्हणून तिकडच्यांना अवघड. त्या केडगावला गेल्या, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायका-मुलींना आसरा दिला आणि शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं.

कवी नारायण वामन टिळकांनाही १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर आप्तांचा रोष झेलावा लागला. त्यांची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. तुकोबांनीही बहुमताला न विचारता आपल्या मनालाच साक्षी ठेवलं होतं. ज्या इंद्रायणीत त्यांच्या वह्या बुडवल्या गेल्या, ती लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात उगम पावते आणि मावळातून देहूकडे जाते.

‘देवाला पटलं म्हणजे झालं’ हे वाक्य हट्टी माणसाच्याही तोंडी शोभतं, ही त्यातली खरी अडचण. म्हणून इग्नेशियसच्या परंपरेत रोज मनाची झडती घ्यायची आणि अनुभवी मार्गदर्शकासमोर ते उघडं करायचं, अशी रीत आहे. माणसांची वाहवा मागायची नाही, पण माणसांचं ऐकायचं नाही असं त्यात कुठेही नाही.

डिमेलोंचं २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने निधन झालं, वयाच्या ५५ व्या वर्षी. अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने त्यांच्या लिखाणावर सूचना काढली. त्या विभागाचे प्रमुख तेव्हा कार्डिनल रॅट्झिंगर होते, पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट. काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत आणि त्यांनी मोठी हानी होऊ शकते, असं तिच्यात म्हटलं आहे. देव व्यक्तिरूप न राहता धूसर होतो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक ठरतो, हे मुख्य आक्षेप. आक्षेप वजनदार आहेत, उत्तर द्यायला लेखक मात्र नव्हता. तेव्हापासून त्यांच्या पुस्तकांच्या अनेक आवृत्त्यांत सुरुवातीला एक टीप छापलेली असते: हे लिखाण वेगवेगळ्या धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्या वाचकांसाठी झालं आहे, कॅथलिकांना श्रद्धेचे पाठ देण्यासाठी नाही. पुस्तक हाती आलंच तर ती टीप ओलांडून पुढे जाऊ नका. तीही वाचा, आणि पुस्तकही.