फोनमध्ये ‘बीटा’ घेतलाय? परत यायच्या वाटा दोन, पण एका वाटेवर सगळा डेटा जातो

चामोर्शी : नवं अँड्रॉइड सगळ्यांच्या आधी मिळतं म्हणून यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहून फोनमध्ये ‘बीटा’ टाकला जातो. चार दिवसांनी बॅटरी दुपारीच संपते, फोन तापतो, कधी बँकेचं अ‍ॅपच उघडत नाही. मग परत साध्या आवृत्तीवर यायची घाई होते, आणि तीच घाई नडते. एक चुकीचं बटन दाबलं की फोटो, नंबर, धान विक्रीच्या पावतीचा फोटो, सगळं साफ.

बीटा म्हणजे काय?
कंपनी नवं सॉफ्टवेअर सर्वांना देण्याआधी काही लोकांच्या फोनवर तपासून पाहते. ही चाचणीची आवृत्ती म्हणजे बीटा. त्यात चुका असणारच, त्या सापडाव्यात म्हणूनच ती दिलेली असते. तपासणी संपल्यावर सर्वांना मिळते ती ‘स्टेबल’, म्हणजे पक्की आवृत्ती.

फॅक्टरी रिसेट केल्याने बीटा जातो का?
नाही. रिसेटने तुमची माहिती पुसली जाते, सॉफ्टवेअर मात्र बीटाच राहतं. म्हणजे डेटाही गेला आणि बीटाही गेला नाही.

पहिली वाट : थांबा
फोन कसाबसा चालत असेल तर हीच वाट बरी. बीटातून नाव काढा आणि पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबा. ती नेहमीच्या अपडेटसारखी येते, डेटा जसाच्या तसा राहतो. अँड्रॉइड 16 ची पक्की आवृत्ती पिक्सेल फोनवर 10 जून 2025 रोजी अशीच आली.

पिक्सेल फोन असेल तर गुगलच्या अँड्रॉइड बीटा पानावरून नाव काढता येतं. पण इथे सावध राहा. नाव काढल्यावर साधारण 24 तासांत एक अपडेट येतं. ते जुन्या आवृत्तीवर नेणारं असतं आणि टाकलं की फोन कोरा होतो. थांबायचं असेल तर त्याला हात लावू नका.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, बीटा अपडेट्स इथे जाऊन ‘ऑफ’ करा. पुढची पक्की आवृत्ती आपोआप दिसेल. सॅमसंगमध्ये बीटाची नोंदणी ‘सॅमसंग मेंबर्स’ अ‍ॅपमधून होते, बाहेरही तिथूनच पडता येतं.

दुसरी वाट : लगेच परत
फोन वापरण्यासारखाच नसेल तर जुनी आवृत्ती टाकावी लागते. यात डेटा पुसला जातोच. कारण नव्या सॉफ्टवेअरने माहिती आपल्या पद्धतीने साठवलेली असते, ती जुन्याला वाचता येत नाही. आयफोन आणि सॅमसंगला यासाठी कॉम्प्युटर लागतो. आयफोनचा बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पुसण्याआधी एवढं कराच
• गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहा. खातं दुकानदाराने किंवा भाच्याने काढून दिलं असेल तर आधी विचारून घ्या. पासवर्डच नसेल तर बॅकअप असून उपयोग नाही.
• नंबर फोनमध्ये सेव्ह आहेत की गुगल खात्यात, ते पाहा. फोनमध्ये असतील तर खात्यात घ्या.
• फोटो, सातबारा, पावत्या पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर काढा. मेमरी कार्ड काढून ठेवा.
• ई-पीक पाहणीची नोंद अपलोड झाली का, ते तपासा. रेंज नसल्याने ती फोनमध्येच अडकली असेल तर फोनसोबत तीही जाईल.
• व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथून बॅकअप घ्या.
• बँकेला जोडलेलं सिम चालू ठेवा, त्यात एसएमएस जाण्यापुरता बॅलन्स टाका. यूपीआय पुन्हा सुरू करताना त्याच सिमवरून एसएमएस जातो. पैसे बँकेत असतात, फोन पुसल्याने ते जात नाहीत.

अपडेटची फाइल मोठी असते. चांगली रेंज किंवा वायफाय पाहून आणि बॅटरी भरूनच काम सुरू करा.

फक्त व्हॉट्सअ‍ॅप बीटा असेल तर?
मग अख्खा फोन पुसायची गरज नाही. प्ले स्टोअरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं पान उघडा, खाली बीटातून बाहेर पडायचा पर्याय दिसेल. तो दाबा, चॅटचा बॅकअप घ्या, थोड्या वेळाने अ‍ॅप काढून पुन्हा टाका.

मिळेल ती फाइल टाकू नका
टेलिग्रामवर किंवा कुठल्याही साइटवर मिळालेली जुनी फाइल टाकली तर फोन कायमचा बंद पडू शकतो. काही फोनमध्ये कंपनी मागे जायची वाटच बंद करते. 2022 मध्ये पिक्सेल 6 मालिकेवर अँड्रॉइड 13 आलं, त्यानंतर त्या फोनवर अँड्रॉइड 12 च्या जुन्या फाइल परत टाकता येत नाहीत. शाओमी, रिअलमी, वनप्लस अशा फोनसाठी कंपनीने त्याच मॉडेलला दिलेलीच फाइल वापरा. नाहीतर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. तिथेही देण्याआधी डेटा काढून घ्या.

रोवणीची गडबड किंवा धानाचे चुकारे यायचे दिवस असतील तर हे काम पुढे ढकला. त्या दिवसांत बँकेचा ओटीपी येणारा फोन बंद ठेवणं परवडत नाही.