सहा वर्षांची दाढ दुधाची नसते!

शाळेतल्या दंततपासणीत चौथीच्या एका विद्यार्थ्याची खालची दाढ किडून पोखरलेली आढळली. घरी कळवले, तेव्हा आईवडील म्हणाले, "दुधाचीच आहे ना? पडेल आणि नवी येईल." पण ती दाढ कायमची होती. यात पालकांना दोष देता येणार नाही. आमच्यापैकी काही शिक्षकांचाही असाच समज होता. म्हणून पालक नेहमी विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

ही दाढ ओळखायची कशी?
दुधाचे दात 20 असतात, वरखाली प्रत्येक बाजूला पाच-पाच. साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या मागे, एकही दात न पडता, कायमची पहिली दाढ येते. म्हणूनच ती कोणाच्या लक्षात येत नाही. आरशासमोर उभे राहून मधल्या दातापासून मागे मोजा. सहावा दात म्हणजे ही दाढ. तिच्या खोल खाचांत अन्न अडकते. दंतवैद्य या खाचा वेळीच बुजवून देऊ शकतात.

मग दुधाच्या दातांची काळजी कशाला?
ते खालून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या फार लवकर काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात सरकतात आणि नवे दात वाकडेतिकडे येतात.

मुलांना गोड अजिबात देऊ नये का?
सकाळच्या पोह्यांबरोबर जिलबी खाल्ली म्हणून दात किडत नाहीत. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दातावरचे कठीण आवरण झिजवते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते, पण त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसभर गोळी चघळत राहिल्यास लाळेला ही उसंतच मिळत नाही. म्हणून गोड खायचे ते जेवणाबरोबर खावे. अधूनमधून चघळू नये. चिकटून राहणारी बिस्किटे आणि वेफर्सही यातच आली.

दात कधी आणि कसे घासावेत?
सकाळी घासतोच, पण रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे. झोपेत लाळ कमी होते. त्यामुळे रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नये, दूधसुद्धा नाही. मऊ ब्रशने दोन मिनिटे घासावे. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी जवळ उभे राहावे.

दातांवर डाग का पडतात?
कारणे अनेक आहेत, त्यांतले एक पाणी. इंदूरजवळच्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लीटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी लहानपणी सतत प्यायल्यास पांढरे वा तपकिरी डाग पडू शकतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. बोअरवेलचे पाणी पिणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे.

खेळताना दात पडला तर?
विद्यार्थी मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. कायमचा दात मुळासकट निघाला, तरी तो पुन्हा बसवता येतो. तो शोधा आणि वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका, घासू नका. थंड दुधात ठेवून तडक दंतवैद्याकडे जा. अर्ध्या तासात पोहोचलात तर फार चांगले. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवत नाहीत.

विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर चूळ भरायला मुलांची नळावर रांग लागते आणि घंटा झाली की निम्मी मुले तशीच वर्गात येतात. आणखी दोन-तीन नळ बसवल्यास ही अडचण दूर होईल.

पालकांनी आज रात्री एवढेच करावे. मुलाला "आ" करायला सांगून सहावी दाढ मोजावी. तिच्यावर काळा ठिपका दिसला, तर दुखायची वाट पाहू नये. ती पडली, तर तिच्या जागी दुसरी येणार नाही.