पोथी, पुस्तक, पीडीएफ : वलगावच्या रस्त्यावरच्या बारा गमती

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालेली एसटी वलगावला थांबते, तेव्हा आतल्या निम्म्या माना मोबाईलमध्ये गेलेल्या असतात. कुणी रील पाहतं, कुणी पोलीस भरतीचे प्रश्न सोडवतं, एखादी आजी फोन कानाशी धरून पोथी ऐकते. आणि हटकून कुणीतरी म्हणतं, "आता कोनी वाचूनच नाही राह्यलं भाऊ, पुस्तकं संपली!"

संपली? या मुलखानं पुस्तकाचं तेरावं कितीदा तरी घातलंय, आणि दर वेळी जेवणावळ फुकट गेलीय. कशी, ते पाहा.

1. निरक्षर बाबा, प्रबंधावर नाव

गाडगेबाबांचं निर्वाण झालं ते वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, 20 डिसेंबर 1956 रोजी. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा आणि पोरांना शिकवा, हे त्यांनी गावोगाव ठणकावून सांगितलं. 1983 साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला 2005 मध्ये त्यांचं नाव मिळालं. तेव्हापासून इथल्या प्रत्येक पीएच.डी.च्या प्रबंधावर, मग तो छापील असो की सीडीवरचा, शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचं नाव झळकतं.

2. ऑडिओबुक? ते तर आमच्याकडे आधीपासून!

बाबांचं शेवटचं कीर्तन नोव्हेंबर 1956 मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. आज ते फोनवर कुणालाही ऐकता येतं. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात आलं 2017 साली, मराठी पुस्तकं कानात घालून. शहरात त्याचं केवढं अप्रूप! वऱ्हाडात मात्र वाचायचं एकानं आणि ऐकायचं साऱ्या आळीनं, ही रीत जुनीच. दासगणूंच्या 'गजानन विजय'चे 21 अध्याय पाठ असलेली, पण पुस्तक कधी हातात न धरलेली माणसं इथं भेटतात. त्यांना वाचक म्हणायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. अध्याय चुकवून पाहा, लगेच टोकतील.

3. सातशे वर्षांपूर्वीचं 'डेटा गेला!'

मराठीतला आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' आपल्याच जिल्ह्यात लिहिला गेला, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, साधारण 1278 साली. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्यानं पाहिलं त्यालाच विचारायचं आणि खातरजमा करून लिहायचं, असा त्यांचा शिरस्ता. पुढे खिलजीच्या फौजेच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. दुसरी प्रत नव्हती. मग अनुयायांनी आठवून आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यात हिराइसा नावाच्या बाईंची स्मरणशक्ती एवढी दांडगी, की एक पाठ त्यांच्याच नावानं ओळखला जातो. हार्ड डिस्क उडाल्यावर कपाळाला हात लावणाऱ्यांनी हिराइसेला एक नमस्कार करावा. आता राज्याचं मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूरलाच आहे.

4. पासवर्ड टाका, मग पोथी वाचा

चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथानं पुढे पोथ्यांना कुलूपच घातलं. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या तयार केल्या. अक्षरांची अशी काही अदलाबदल, की बाहेरच्याला पान दिसेल पण कळणार नाही. ग्रंथ शुद्ध राहिले, सुरक्षित राहिले. तोटा एवढाच झाला, की मराठीतलं हे सगळ्यात जुनं गद्य मराठी वाचकालाच काही शतकं ठाऊक नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचं कोडं सोडवलं, तेव्हा कुठे कपाट उघडलं. पासवर्ड विसरल्यामुळे स्वतःच्याच ई-पुस्तकांना मुकलेल्यांनी धीर सोडू नये.

5. छापलेलं पुस्तक? शिवू नका!

आज पडद्यावरच्या वाचनाला नाकं मुरडतात, तशी एके काळी छपाईला मुरडली गेली. हातानं लिहिलेली पोथी पवित्र. छापील कागदाच्या शाईत चरबी असते, मग तो सोवळ्यात कसा चालेल? मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी तोड काढली. त्यांनी शाईत तूप घातलं! 1831 साली त्यांनी छापील पंचांग काढलं आणि ज्यांना छापखाना विटाळ वाटत होता, त्यांच्या देवघरातही ते जाऊन बसलं. नव्या तंत्राशी भांडण मिटवायला साजूक तूप कामी आल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

6. 1805 चं वाचता येतं, 1998 चं नाही

विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं. पंडित वैजनाथ त्याच्या मदतीला होते. त्याची प्रत आजही उघडून वाचता येते. आता नव्वदच्या दशकात एखाद्या डीटीपीवाल्यानं फ्लॉपीवर ठेवलेली कवितासंग्रहाची फाईल आठवा. फ्लॉपी घालायला खाच नाही. खाच मिळाली तर तो फॉन्ट नाही, आणि फॉन्टशिवाय कवितेच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आपल्याकडची छपाई कितीतरी वर्षं श्रीलिपी, कृतिदेवावरच चालली. दोनशे वर्षांचा कागद शाबूत आणि पंचवीस वर्षांची फाईल बेपत्ता, असा हा उलटा हिशेब.

7. शोधा म्हणजे सापडेलच असं नाही

ई-पुस्तकाची मोठी सोय म्हणजे शब्द टाका, पान हजर. आता 'वऱ्हाड' टाकून पाहा. त्यातला आडवा अर्धा र काढायला कीबोर्डवर वेगळा ऱ लागतो. साधा र घेतला की पडद्यावर उमटतं 'वर्हाड'. माणसाचे डोळे दोन्ही सांभाळून घेतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द दिसतात. त्यामुळे पुस्तकभर वऱ्हाड असूनही 'एकही निकाल नाही' असं उत्तर येऊ शकतं. अख्खा प्रांत नकाशावरून गायब!

8. ग्रामगीता एका फोटोत मावते

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत 41 अध्याय आणि 4675 ओव्या आहेत. हातात घेतलं तर चांगलं जाडजूड पुस्तक. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक चिन्ह बहुतेक ठिकाणी तीन बाइट जागा घेतं. एका ओवीची शंभरेक चिन्हं धरा आणि गुणाकार करा, अख्खा ग्रंथ दीड मेगाबाइटच्या आसपास बसतो. लग्नात जेवणाच्या ताटाचा काढलेला एक फोटो याहून जड असतो. फोनमध्ये पुस्तकाला जागा नाही, ही सबब इथंच बाद.

9. मे महिन्याच्या उन्हात कोण जिंकतं?

पंचेचाळीस अंशाच्या दुपारी बसस्टँडवर फोन उघडला, तर त्यात स्वतःचं घामेजलं तोंड तेवढं दिसतं. छापील पुस्तक लख्ख. पण किंडलसारखं वाचनयंत्रही लख्खच दिसतं, कारण त्याचा पडदा फोनसारखा उजेड डोळ्यांत मारत नाही. त्याच्या आत केसाएवढ्या जाडीच्या कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. विजेचा हलका झटका बसला की काळे वर येतात आणि अक्षर उमटतं. पान बदलतानाच काय ती वीज खर्च होते. त्यामुळे ते आठवडेच्या आठवडे चार्जिंग मागत नाही. भारनियमन सोसलेल्या माणसाला ही खुबी सांगून पटवावी लागत नाही. मराठी पुस्तकं किंडलवर रीतसर आली डिसेंबर 2016 मध्ये.

10. विकत घेतलेलं पुस्तक रात्रीतून पसार

जुलै 2009. अमेरिकेतल्या काही वाचकांच्या किंडलवरून एक कादंबरी आपोआप नाहीशी झाली. ज्यानं ती विकायला ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून ॲमेझॉननं दुरूनच ती पुसून टाकली आणि पैसे परत दिले. एका विद्यार्थ्याची पुस्तकावर केलेली टिपणंही त्यात निकामी झाली. कादंबरी कोणती? जॉर्ज ऑर्वेलची '1984', म्हणजे सरकार नको असलेला मजकूर कसा नाहीसा करतं याचीच गोष्ट! कंपनीनं नंतर जाहीर माफी मागितली. आपलं छापील पुस्तक असं जात नाही. ते शेजारी 'वाचून देतो' म्हणून नेतात, तेव्हाच जातं.

11. पुस्तकांचं गाव, आता विदर्भातही

वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावाचा आदर्श ठेवून 4 मे 2017 रोजी महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे महाराष्ट्राचं पहिलं 'पुस्तकांचं गाव' झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी घरातल्या खोल्या वाचकांना उघड्या करून दिल्या. जावं, बसावं, वाचावं, पैसे नाहीत. पुढे योजना वाढली आणि विदर्भातून गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधचा नंबर लागला. वऱ्हाडानं आपला दावा ठोकायला हरकत नाही. याच परतवाडा रस्त्याच्या टोकाला, परतवाड्यातच 1916 साली गो. नी. दांडेकर जन्मले. पोरवयात घर सोडून ते गाडगेबाबांबरोबर हिंडले, आणि पुढे 'पूर्णामायची लेकरं' वऱ्हाडी बोलीत लिहून मोकळे झाले. आसेगावला ही पूर्णा नदी ओलांडल्याशिवाय एसटी परतवाड्याला पोचतच नाही.

12. पीडीएफचा पुनर्जन्म

आता सगळ्यात ताजी गंमत. अमरावतीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा. लाकडी कप्पे, प्रत्येक टेबलाला चार्जरची पिन, भिंतीवर शांतता राखण्याची पाटी. पोरं-पोरी तलाठी, पोलीस, एमपीएससीच्या तयारीत. पुस्तक टेलिग्रामवर पीडीएफ होऊन आलेलं असतं, फुकट आणि क्षणात. पण ते वाचतात कशावर? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह जातो, "दादा, दोन्ही बाजूनं काढा, स्पायरल मारून द्या," आणि अर्ध्या तासात निळं पारदर्शक कव्हर घालून तेच पुस्तक पुन्हा कागदाचं होऊन बाहेर येतं. मग पिवळ्या मार्करनं ओळी रंगतात, समासात बाण निघतात, कोपरे दुमडले जातात.

हा हट्ट जुनाट वाटेल, पण शास्त्र पोरांच्या बाजूनं आहे. 2018 साली संशोधकांनी तोवरचे 54 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचक होते. निष्कर्ष असा : माहितीपर मजकूर कागदावर जास्त नीट समजतो, आणि वेळेची घाई असली की कागदाची ही आघाडी आणखी वाढते. गोष्टी-कथांच्या बाबतीत मात्र कागद आणि पडदा यांत फरक आढळला नाही. परीक्षेचा अभ्यास म्हणजे माहिती आणि घाई दोन्ही. झेरॉक्सवाल्याला हे संशोधन वाचायची गरज पडली नाही, त्याच्या गल्ल्याला ते आधीच कळलं होतं.

तर मग घ्यायचं काय?

अभ्यासाचं कागदावर. कथा-कादंबरी हाताशी येईल त्यावर, निकाल सारखाच. म्हाताऱ्या डोळ्यांची पोथी फोनवर, अक्षर मोठं करून. स्वयंपाक करताना, शेतात जाताना कानात. संदर्भाला मराठी विश्वकोश, त्याचे 20 खंड घरात ठेवायला कपाट लागतं आणि इंटरनेटवर ते फुकट आहेत.

आणि जे पुस्तक जिवापाड आवडतं, ते दोन्हीकडे ठेवा. वर पाहिलंच ना, एकुलती पोथी लुटीत गेली, कुलपातली पोथी विस्मरणात गेली, फ्लॉपीतली फॉन्टअभावी गेली आणि यंत्रातली कंपनीच्या मर्जीनं गेली. पुस्तक कागदानं मरत नाही की काचेनं मरत नाही, एकाच जागी राहिलं की मरतं. तेव्हा एक प्रत कपाटात, एक फोनमध्ये. आणि तिसरी शेजाऱ्याकडे गेलेली आहेच, तिला बॅकअप समजा आणि मागायला जाऊ नका.