मोडकी बाज पुन्हा अंगणात



तुमच्या गोठ्याच्या आढ्यावर किंवा परसात एखादी मोडकी बाज पडलेली असेलच. सुंभ तुटला, पाय डगमगू लागला, घरात लोखंडी कॉट आली आणि बाज अडगळीत गेली. आता चुलीत घालावी, असं मनात येतं. पण थांबा. जरा बघा, घरातलं कुणी अंगणात, खळ्यावर किंवा मळ्यात राखणीला गेल्यावर भुईवर तर झोपत नाही ना?

मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. म्हणून जमिनीपासून हातभर उंच असलेली बाज ही नुसती बैठक नव्हे, ती राखणही आहे. मृगाचा पाऊस पडायच्या आत ती दुरुस्त करून घ्या.

प्रथम जुना सुंभ सोडून टाका. सांध्यांत उकळते पाणी ओता, म्हणजे ढेकूण व त्यांची अंडी मरतील. मग सांगाडा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. शेतावर फवारायचे औषध बाजेवर मुळीच मारू नका. त्यावर माणूस झोपणार आहे.

नंतर सांधे तपासा. कुसू ढिले झाले असेल तर बाभळीची पाचर ठोका. दांडा किडला असेल तर दुसऱ्या मोडक्या बाजेचा बसवा. दोन मोडक्यांतून एक धड बाज सहज होते. एखादा पाय खालून कुजला असेल, तर चारही पाय कापून सारखे करण्याचा मोह होतो. तशी बुटकी बाज दिवसा बसायला चालेल, पण झोपायला नको. झोपायची असेल तर तो पाय बदलूनच घ्या. पायांच्या तळाला डांबर लावून खाली सपाट दगड ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी लवकर लागणार नाही.

विणायला नवी दोरीच हवी असं नाही. जुन्या नायलॉनच्या साड्यांच्या चार बोटं रुंद लांब पट्ट्या फाडा, पीळ द्या आणि दोन पट्ट्या एकत्र वळा. सुती लुगड्याची दोरी मऊ असते, पण पावसात लवकर कुजते. एका साडीत काम भागणार नाही. आधी पुरेशी दोरी वळून ठेवा, मगच विणायला बसा. पायथ्याकडे ताणाची दोरी वेगळी ठेवा. वीण सैल पडली की तेवढीच ओढून घेता येते. नायलॉन पाण्याने कुजत नसले तरी उन्हाने कमजोर होते. म्हणून बाज लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत ठेवावी.

रात्री बाज भिंतीपासून आणि सरपणाच्या ढिगापासून दूर घाला. वाकळ खाली लोंबू देऊ नका. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा.

एवढे करूनही साप चावल्याचा संशय आला, पापण्या जड झाल्या किंवा पोटात दुखू लागले, तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा. सर्पविषावरची लस तिथेच मिळते.

बैलगाडीच्या जुन्या टायरवर उरलेली दोरी विणली की बसायला छान मोढा होतो. मात्र टायरला खालून दोन-तीन भोकं पाडा. आत पाणी साचलं तर आठ-दहा दिवसांत डेंगीचे डास तयार होतात.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कीटकनाशकाचा रिकामा डबा किंवा पिंप, कितीही धुतलं तरी, बैठकीला किंवा पाण्याला वापरू नका. पोरं त्यावर बसतात, हात लावतात आणि तोच हात तोंडात घालतात. टाकाऊतून टिकाऊ करायचं खरं, पण विष घरात आणून नव्हे.

तेव्हा या आठवड्यात अडगळीतली बाज खाली काढा. पत्रक वाचून झालं की शेजाऱ्याला द्या.