सोयाबीनचा भाव कोण ठरवते?

उभरत्या अर्थव्यवस्था : भाग ४

लातूरच्या आडत बाजारात सौदा सुरू होण्याआधीच व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर शिकागोच्या वायदेबाजारातला भाव आलेला असतो. मालात ओलावा किती, डागी दाणा किती, माती किती यावरून क्विंटलमागे काही रुपये खालीवर होतात. मूळ आकडा मात्र बाहेरून येतो. शिकागोच्या फलकावरचा हा आकडा हलवण्याची ताकद आता मुख्यतः दोन देशांकडे आहे. त्यांतला एक जगात सर्वाधिक सोयाबीन विकतो, तर दुसरा सर्वाधिक घेतो. ब्राझील आणि चीन.

पन्नास वर्षांपूर्वी हे कुणाला पटले नसते. ब्राझीलच्या मध्यभागी सेराडो नावाचे झुडपी-गवताळ पठार आहे. सहा महाराष्ट्र सहज मावतील एवढे ते मोठे, पण जमीन आम्लधर्मी, स्फुरद जवळजवळ नाहीच आणि ॲल्युमिनियम इतके की पिकाची मुळे खोल जात नाहीत. १९७३ मध्ये तिथल्या सरकारने ‘एम्ब्रापा’ ही कृषी संशोधन संस्था उभी केली. हेक्टरी टनावारी चुना टाकून जमीन सुधारली गेली. सोयाबीन हे मुळात थंड प्रदेशातले, दिवसाच्या लांबीवर फुलणारे पीक. विषुववृत्ताजवळही ते नीट वाढेल असे वाण पैदाशीतून काढले गेले. संशोधक योहाना डोबेरायनर यांनी नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंवर केलेल्या कामामुळे या पिकाला नत्रखताची गरज फारशी उरली नाही. एका सरकारी संस्थेने चिकाटीने दशकानुदशके केलेले हे काम आहे आणि ब्राझीलच्या आजच्या वजनाचे खरे मूळ तिथे आहे.

मातो ग्रोसो राज्यात जानेवारी-फेब्रुवारीत दिसणारे दृश्य बोलके आहे. पुढे कापणीयंत्रे सोयाबीन काढत चाललेली असतात आणि त्याच शेतात, त्यांच्या मागोमाग, पेरणीयंत्रे मका टाकत येतात. पाऊस संपायच्या आत दुसरे पीक उभे करायचे असते. तिथे सोयाबीनचा उतारा हेक्टरी ३ टनांच्या वर जातो. आपल्याकडे तो १ टनाच्या आसपास अडखळतो.

चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला. उत्पन्न वाढले तसे ताटातले डुकराचे मांस वाढले आणि डुकरांना पेंड लागू लागली. आज चीन वर्षाला सुमारे १० कोटी टन सोयाबीन आयात करतो. त्यातला मोठा वाटा पूर्वी अमेरिकेचा होता. २०१८ च्या व्यापारयुद्धात चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. वॉशिंग्टनला आपल्या शेतकऱ्यांसाठी दोन टप्प्यांत २,८०० कोटी डॉलरची मदत जाहीर करावी लागली. २०२५ मध्ये तोच डाव पुन्हा पडला. सप्टेंबरमध्ये तर चीनने अमेरिकेतून एक दाणाही आणला नाही. गिऱ्हाईक हातचे गेले की महासत्तेलाही तडजोडीला बसावे लागते, हे त्यानंतरच्या वाटाघाटींत दिसले.

सोयाबीनच्या या विस्ताराची किंमत सेराडोने मोजली आहे. तिथली निम्मी मूळ वनस्पती नाहीशी झाली. ॲमेझॉनसाठी २००६ मध्ये व्यापाऱ्यांनी जंगलतोडीच्या जमिनीवरचे सोयाबीन न घेण्याचा करार केला, पण सेराडो त्याबाहेर राहिले. साओ फ्रान्सिस्कोसारख्या नद्यांना पाणी देणारे पठार असे उघडे पडणे ही ब्राझीलची खासगी बाब मानता येणार नाही.

आता आपल्या शेतकऱ्याकडे पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले. तेल महागले. तरीही बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम पाचवा हिस्सा असते, बाकी बहुतेक पेंड. जगभर पेंडेचा भरपूर पुरवठा होता, तिचे भाव पडलेले होते आणि तेलावरच्या शुल्काने पेंडेला आधार मिळत नाही. भारत मोठी अर्थव्यवस्था आहे, खाद्यतेलाच्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी आहे. पण या पिकात भाव ठरवणाऱ्यांत त्याची गणना नाही. वाण, उतारा आणि प्रक्रिया यांवर ब्राझीलसारखे सलग काम झाल्याशिवाय केवळ शुल्क वरखाली करून हे बदलणार नाही.

पुढील भागात : इंडोनेशियाने निकेलचे कच्चे खनिज बाहेर पाठवणे का थांबवले?